‘परदेशी खाते आहे का?’
(मोठ्या गटाचा पाठ, पालकांनीही वाचावा)



फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही मोठ्या गटाच्या फळ्यावर एकच शब्द लिहिला: परदेश. मग विचारले, परदेश म्हणजे कुठला देश? अर्धा वर्ग म्हणाला, इंडिया. उरलेला अर्धा म्हणाला, छे, परदेशात तर आपण राहतो. आजी शेजारच्या काकूंना फोनवर तसेच सांगते, "पोरं परदेशात असतात ना!" वाद चांगला रंगला. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ते आहे." तिला आम्ही त्या दिवशीचा लाडू दिला.

हा शब्द आम्ही उगाच निवडला नव्हता. याच एका शब्दामुळे आमचे इन्कम टॅक्सचे रिटर्न काही वर्षे चुकीचे गेले होते. टॅक्सचा हंगाम आला की शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये पालकांचा एकच विषय असतो: सॉफ्टवेअर घ्यायचे की माणसाकडे जायचे? म्हणून यंदाचा पाठ त्यावरच.

आधी आमची गोष्ट सांगतो. आम्ही दोघे अनेक वर्षे घरच्या घरी, सॉफ्टवेअर विकत घेऊन रिटर्न भरत होतो. नोकरीचे डब्ल्यू-२, बँकेच्या व्याजाचा १०९९, दोन मुले. दोन तासांत काम संपायचे, परताव्याचा हिरवा आकडा वर वर जाताना पाहायला मजाही यायची. त्यात दरवर्षी एक प्रश्न यायचा: परदेशातल्या एखाद्या खात्यावर तुमचा हक्क किंवा सहीचा अधिकार होता का? आम्ही दरवर्षी "नाही" दाबायचो. खोटे बोलायचे म्हणून नव्हे. पुण्यातल्या बँकेचे आमचे खाते आम्हाला परदेशी वाटतच नव्हते! परदेशी खाते म्हणजे स्वित्झर्लंडमधले, सिनेमातल्या खलनायकाचे. आपले खाते कोपऱ्यावरच्या शाखेतले, जिथला शिपाईसुद्धा नावाने ओळखतो.

मग दोन वर्षे आम्ही माणसाकडे गेलो. दुकानात टेबल-खुर्ची मांडून बसलेला गृहस्थ होता, नाव सांगत नाही. त्याने कागद घेतले, टाइप केले, अर्ध्या तासात पैसे घेऊन रिटर्न हातात दिले. भारतात काही आहे का, हे त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. म्हणजे सॉफ्टवेअरने प्रश्न विचारला तेव्हा तो आम्हाला कळला नाही, आणि माणसाकडे गेलो तेव्हा त्याने तो विचारलाच नाही. चूक तीच राहिली, फी मात्र वाढली.

त्यातले २०१५ सालचे आकडे आम्ही वर्गात फळ्यावर मांडले. भारतातल्या जुन्या पगाराच्या खात्यात १,२०,००० रुपये, मुदतठेव ५,००,०००, आणि आईबरोबरच्या संयुक्त खात्यात २,५०,०००. वर्षाअखेरी डॉलर ६६ रुपयांच्या आसपास होता. मुलांनी भागाकार केले: १,८१८, ७,५७६ आणि ३,७८८. एकही खाते दहा हजार डॉलरचे नाही. पण बेरीज १३,१८२ होते, आणि कायदा बेरीज पाहतो. परदेशातल्या सगळ्या खात्यांची सर्वात मोठी शिल्लक मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी वेगळा अहवाल द्यावा लागतो. त्याला लोक ‘एफबार’ म्हणतात, आणि त्याचा क्रमांक ११४.

आता गंमत पाहा. हा अहवाल रिटर्नचा भागच नाही. तो आयआरएसला नव्हे, तर अर्थखात्याच्या फिनसेन नावाच्या दुसऱ्या कचेरीला, तिच्या संकेतस्थळावरून पाठवायचा असतो. पैसे पडत नाहीत आणि त्यावर करही नसतो, नुसती माहिती द्यायची. मुदत १५ एप्रिल, ती चुकली तर न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरने शेवटी "अभिनंदन, तुमचे काम झाले!" म्हणून फटाके उडवले, तरी हे काम झालेलेच असेल असे नाही.

संयुक्त खात्याबद्दल पालक नेहमी विचारतात, "पैसे आईचे आहेत, माझे नुसते नाव आहे, तरी?" हो, तरी. अहवालात पूर्ण शिल्लक लिहायची, निम्मी नाही. नुसता सहीचा अधिकार असला तरी मोजायचे. आणि मुलांनो, तुमच्या बारशाला आजोबांनी तुमच्या नावाने खाते उघडले असेल आणि त्यावर बाबांची सही चालत असेल, तर ते बाबांच्या बेरजेत धरायचे. तुमच्या स्वतःच्या खात्यांची बेरीज दहा हजारांवर गेली, तर अहवाल तुमच्याही नावाने द्यावा लागतो. तुम्ही लहान असाल तर सही आईबाबा करतात. वर्गातला एक सात वर्षांचा मुलगा हे ऐकून फार खूश झाला. आपणही सरकारला काही कळवू शकतो, हे त्याला माहीत नव्हते.

अहवाल राहिला एवढेच असते तर बरे होते. ठेवीवर व्याज मिळत होते, तेही आम्ही दाखवले नव्हते. आमची ठेव एनआरई होती. एनआरई ठेवीच्या व्याजावर भारतात कर नसतो, त्यामुळे कर कापल्याचा कागद कधी घरी आला नाही, आणि "भारतात माफ म्हणजे माफ" असे आम्ही धरून चाललो. पण अमेरिकेत राहणाऱ्याच्या जगभरच्या उत्पन्नावर अमेरिका कर लावते. तिच्या लेखी एनआरई वगैरे काही नाही, व्याज म्हणजे व्याज. आमचे वर्षाचे व्याज ४०,००० रुपये होते, म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास डॉलर, आणि त्यावर कर दीडशेच्या घरात. वर्षाला दीडशे डॉलरसाठी पुढे किती धावपळ झाली ते आमचे आम्हाला ठाऊक.

चूक लक्षात आली ती एका मैत्रिणीकडच्या हळदीकुंकवात. बोलता बोलता कोणी विचारले, "तुम्ही एफबार भरता ना?" घरी येऊन आम्ही कपाटातली सगळी पासबुके जमिनीवर मांडली. त्या रात्री झोप आली नाही. हेतुपुरस्सर लपवल्याचा दंड फार मोठा असतो, आणि अजाणता राहिले तरी कायद्यात दहा हजार डॉलरपर्यंतचा दंड लिहिलेला आहे, तोही महागाईप्रमाणे वाढत जातो. तो खात्यामागे की अहवालामागे, हाही वाद होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बिटनर खटल्यात निकाल दिला की अजाणता झालेल्या चुकीत तो वर्षाच्या एका अहवालामागे एक, खात्यामागे नाही. आमच्या वेळी हा निकाल नव्हता, म्हणून भीती तिप्पट होती.

शेवटी आम्ही एका एनरोल्ड एजंट बाईंकडे गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी संगणक उघडलाच नाही. एक पिवळी वही घेतली आणि विचारत राहिल्या. भारतात खाती किती? कोणाबरोबर? पीपीएफ? विमा? म्युच्युअल फंड? घर भाड्याने दिले आहे का? गेल्या वर्षात वडिलांकडून काही आले का? दीड तास नुसते प्रश्न. मग अजाणता चुकलेल्यांसाठी आयआरएसने ठेवलेल्या खास सवलतीच्या वाटेने, तीन वर्षांची सुधारलेली रिटर्न्स, सहा वर्षांचे एफबार, चूक कशी झाली याचे आमच्या शब्दांतले सही केलेले निवेदन, राहिलेला कर व्याजासह, आणि सर्वात मोठ्या वर्षाअखेरच्या शिलकेवर पाच टक्के दंड असे सगळे पाठवले. त्यांची फी कर आणि दंड यांच्या बेरजेहून जास्त झाली, तरी आम्हाला ती महाग वाटली नाही. त्या निवेदनात आम्ही ‘परदेश’ या शब्दाची कथा जशीच्या तशी लिहिली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही, नियम विसरत नाही आणि मध्यरात्रीही कुरकुर न करता काम करते. आयआरएसने तारेवरून रिटर्न घेण्याचा पहिला प्रयोग १९८६ साली सिनसिनाटी, रॅली-डरहॅम आणि फिनिक्स अशा तीन ठिकाणी केला. तेव्हा ते काम फक्त धंदेवाईक लोकच करू शकत. आज ते घरोघरी होते. २००३ पासून ‘फ्री फाइल’ नावाची सोय आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर आयआरएसच्या पानावरून जाऊन काही कंपन्यांचे सॉफ्टवेअर फुकट वापरता येते. (थेट कंपनीच्या पानावर गेलात तर फुकट म्हणता म्हणता शेवटी पैसे मागतात, हा अनुभव बऱ्याच जणांना आहे.) सरकारने स्वतःचे ‘डायरेक्ट फाइल’ही २०२४ साली १२ राज्यांत आणि २०२५ साली २५ राज्यांत चालवून पाहिले, पण २०२६ च्या हंगामासाठी ते बंद केले. आम्हाला याचे वाईट वाटले. साध्या पगारदाराला ते पुरेसे होते.

पण सॉफ्टवेअरला तुमचे घर दिसत नाही. तुम्ही सांगाल तेच ते खरे धरते. एका पालकांचे उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. त्यांचा ठाण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. भाड्याचे उत्पन्न दाखवताना इमारतीचा घसारा धरावा लागतो. अमेरिकेतले राहते घर असेल तर तो साडेसत्तावीस वर्षांत वाटतात. घर परदेशात असेल तर ३० वर्षांत, आणि २०१८ पूर्वीपासून भाड्याने असेल तर ४० वर्षांत. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये घर कुठल्या देशात आहे ती खूण केली नाही. त्याने निमूटपणे साडेसत्तावीस धरले. गणित बिनचूक, उत्तर चूक.

तसेच भारतातल्या म्युच्युअल फंडांचे. अमेरिकेच्या कायद्यात ते एका वेगळ्याच, कडक वर्गात मोडतात, आणि प्रत्येक फंडासाठी ८६२१ क्रमांकाचा फॉर्म लागू शकतो. घरगुती सॉफ्टवेअरमध्ये बहुधा हा फॉर्मच नसतो. नसलेल्या फॉर्मबद्दल ते प्रश्न कसा विचारणार?

पैसे एनआरओ खात्यात असतील तर आणखी एक खाच. तिथे बँक व्याजावर साधारण ३० टक्के कर कापते, पण दोन देशांच्या करारात व्याजावरची मर्यादा १५ टक्के आहे. अमेरिका सवलत देते ती भारताला जेवढा कर खरोखर देणे होता तेवढ्याचीच. जास्तीचा भारतात रिटर्न भरून परत मागायचा. शिवाय भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथले जानेवारी ते डिसेंबर. म्हणून बँकेचा वार्षिक दाखला इथे तसाच चालत नाही, तारीखवार उतारा मागवावा लागतो. तो जानेवारीतच मागवा. एप्रिलमध्ये बँकेत वर्षअखेरची गडबड असते, आणि आजोबांना रांगेत उभे करणे बरे नाही.

आता माणसाविषयी. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: पैसे घेऊन दुसऱ्याचे रिटर्न भरायला देशपातळीवर कुठलीही परीक्षा सक्तीची नाही. आयआरएसने ती लावायचा प्रयत्न केला होता, पण न्यायालयांनी २०१३ आणि २०१४ साली सांगितले की तसा अधिकार तिला नाही. पीटीआयएन नावाचा क्रमांक घेतला की झाले. म्हणून पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा समोरचा सीपीए आहे, वकील आहे की एनरोल्ड एजंट आहे, ते विचारा. आयआरएसपुढे कुठल्याही बाबतीत तुमच्या बाजूने उभे राहण्याचा पूर्ण अधिकार मुख्यतः या तिघांना असतो. पण सीपीए आहे म्हणून एफबार माहीत असेलच असे नाही. आपल्याकडचे सीए तर वेगळेच, ते भारतातले रिटर्न भरतील, इथले नव्हे. जो परताव्याची टक्केवारी फी म्हणून मागतो, परतावा स्वतःच्या खात्यात घेतो, किंवा रिटर्नवर स्वतःची सही करायला टाळाटाळ करतो, त्याच्या दारातूनच परत फिरा.

आणि कोणाकडूनही भरून घेतले तरी रिटर्नखाली सही तुमची असते, जबाबदारीही तुमचीच. "आमच्या माणसाने केले" हे उत्तर चालत नाही.

आमचे मत विचाराल तर घरात फक्त पगार, इथल्या बँकेचे व्याज आणि भारतात एखाद-दुसरे खाते असेल तर सॉफ्टवेअर पुरे, एफबार स्वतः भरावा. अट एकच, प्रत्येक प्रश्न वाचून त्याचा मराठीत अर्थ सांगता आला पाहिजे. पण ज्या वर्षी अमेरिकेत आलात ते वर्ष, भारतातले घर विकले ते वर्ष, घर भाड्याने असेल, फंड असतील, किंवा भारतातून एका वर्षात एक लाख डॉलरहून अधिक भेट वा वारसा आला असेल (त्यावर कर नसला तरी ३५२० क्रमांकाचा फॉर्म लागतो, आणि तो राहिला तर दंड जबर) तेव्हा जाणकाराकडे जा. एकदा त्याने नीट घडी बसवून दिली की पुढची वर्षे पुन्हा घरी भरता येतात. आम्ही तसेच करतो. दर तीन-चार वर्षांनी बाईंना रिटर्न तपासायला देतो, त्या एखादी चूक काढतातच.

भारतात शिकून इथे विद्यार्थी म्हणून आलेल्या भाच्या-पुतण्यांना मात्र आमचे घरगुती सॉफ्टवेअर देऊ नका. त्यांचा फॉर्म बहुधा १०४०-एनआर असतो, आणि भारतीय विद्यार्थ्यांना करारातल्या २१व्या कलमामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळते, जे इतर देशांच्या विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. पुष्कळ विद्यापीठे यासाठी वेगळे सॉफ्टवेअर देतात. आधी तिथे विचारावे.

मोठ्या गटातल्या मुलांनो, आता तुमचे. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करून एकाने २०२५ साली ३,२०० डॉलर मिळवले असे धरू. त्याच्या डब्ल्यू-२ वर इन्कम टॅक्सचे १८० डॉलर कापलेले आहेत, आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के, म्हणजे २४४ डॉलर ८० सेंट. आईबाबांवर अवलंबून असलेल्याला त्या वर्षी कमाईत ४५० मिळवून जो आकडा येतो तेवढी वजावट, म्हणजे ३,६५०. ती कमाईपेक्षा जास्त, म्हणून इन्कम टॅक्स शून्य. रिटर्न भरले तर १८० परत येतात, २४४.८० येत नाहीत. ते म्हातारपणीचे.

हे रिटर्न सॉफ्टवेअरवर एकट्याने भरायला अगदी सोपे. एकच ठिकाणी सांभाळा: "दुसरे कोणी तुम्हाला अवलंबित म्हणून दाखवू शकते का?" या प्रश्नाला "हो" म्हणायचे. घाईत "नाही" दाबलेत तर आईबाबांचे रिटर्न परत येऊ शकते, आणि तुम्ही १७ वर्षांखालचे असाल तर तुमच्यामागे मिळणारी २,२०० डॉलरची सवलत अडकून बसते. १८० डॉलरसाठी घरात महाभारत नको.

शब्दार्थ

मुदतठेव – ठरलेल्या काळापर्यंत न काढता बँकेत ठेवलेले पैसे
वजावट – कर मोजण्याआधी उत्पन्नातून कमी करायची रक्कम
परतावा – जास्त भरलेला कर परत मिळणे (विजय नव्हे, आपलेच पैसे)
अवलंबित – ज्याचा खर्च दुसरा करतो तो; उदाहरणार्थ, हा पाठ वाचणारे तुम्ही
घसारा – वापराने वस्तूची किंमत दरवर्षी थोडी कमी होणे
अजाणता – माहीत नसताना

स्वाध्याय

१. एका काकांची तीन खाती आहेत: २,००,००० रुपये, ३,६०,००० रुपये आणि २,९०,००० रुपये. डॉलर ८४ रुपये धरून सांगा, एफबार भरायचा का? डॉलर ८६ रुपये धरला तर?
२. ‘देश’ शब्दापासून होणारे पाच शब्द लिहा. त्यातले कोणते शब्द बोलणाऱ्याची जागा बदलली की अर्थ बदलतात?
३. "गणित बिनचूक, उत्तर चूक" असे कधी होते? शाळेतले एक उदाहरण लिहा.
४. घरी विचारा: बारशाला माझ्या नावाने कोणी खाते उघडले होते का? उत्तर वर्गात सांगायचे नाही. आईबाबांना त्यांच्या डायरीत लिहायला सांगा, आणि लिहिले की नाही एवढेच पुढच्या रविवारी येऊन सांगा.